लघवीच्या पिशवीची सूज की कॅन्सर: घोळ कुठे होतो आणि तपासण्या कुठल्या क्रमाने करून घ्यायच्या

लघवीला जळजळ होतेय, दर अर्ध्या तासाने उठावं लागतंय, मधेच एकदा रंग लालसर दिसला आणि रिपोर्टमध्ये पू पेशी भरपूर. बहुतेक वेळा हे साधं इन्फेक्शन असतं, गोळ्या घेतल्या की जातं आणि विषय संपतो. पण मूत्राशयाच्या कॅन्सरचा एक प्रकार अगदी हीच लक्षणं घेऊन येतो, आणि उलट बाजूने मूत्राशयाच्या सुजेचे काही प्रकार दुर्बिणीतून बघितले की हुबेहूब कॅन्सरच्या गाठीसारखे दिसतात. म्हणजे चूक दोन्हीकडून होते, कॅन्सर असून महिनोन्महिने अँटिबायोटिक खात बसायचं किंवा नुसती सूज असून घरभर रडारड. मी लॅबच्या बाजूचा माणूस आहे, पेशंटपेक्षा त्यांच्या बाटल्या आणि स्लाइड्स जास्त बघतो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तपासण्या आणि त्यांच्या क्रमाबद्दल आहे, औषधाचं तुमचे डॉक्टर बघतील.

आधी लघवी, पण नीट

लाल दिसलं म्हणजे रक्तच असं नाही. टीबीसाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्यांची लघवी नारिंगी होते, बीट खाल्लं की काही जणांची गुलाबी होते. पट्टीवरच्या टेस्टवरही भागवू नका, कारण ती पट्टी सुटं हिमोग्लोबिन किंवा स्नायूंमधून आलेलं मायोग्लोबिन असलं तरी रक्त म्हणूनच दाखवते. मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी मोजलेल्या हव्यात, हाय पॉवरच्या एका फील्डमध्ये ३ किंवा त्याहून जास्त दिसल्या की अमेरिकन युरोलॉजी असोसिएशनच्या व्याख्येप्रमाणे तो रक्तस्राव धरतात, मग डोळ्यांना लघवी स्वच्छ पिवळी का दिसेना. बायकांनी पाळीच्या दिवसांत सॅम्पल देऊ नये, दिलंच तर निदान सांगावं तरी.

कल्चरची (लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची) बाटली आधी आणि गोळी नंतर, हे तर डोक्यात पक्कं बसवून घ्या. लोक काय करतात, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतात, जरा बरं वाटतं, मग चार दिवसांनी कल्चर देतात आणि ते निगेटिव्ह येतं. आता हे निगेटिव्ह जंतू नव्हतेच म्हणून आलं की गोळीने दबले म्हणून आलं हे कोणीच सांगू शकत नाही आणि पुढचा सगळा विचार लंगडा होतो. सॅम्पल मधल्या धारेचं द्या, सुरुवातीची थोडी सोडून द्यायची, आणि बाटली तासनतास पिशवीत घेऊन फिरू नका, जंतू बाटलीतच वाढतात.

कल्चरमध्ये जंतू सापडला, कोर्स पूर्ण झाला, त्रास गेला. इथे नव्याण्णव जण थांबतात आणि खरी गडबड इथेच होते. कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासायची असते, रक्त गेलं का ते बघायला. गेलं तर ठीक. जंतू गेले आणि रक्त राहिलं तर त्या रक्ताचा हिशेब इन्फेक्शनने लागत नाही, मग युरोलॉजिस्टकडे जायचं, आणखी एक कोर्स घ्यायचा नाही. आणि डोळ्यांना दिसणारं लाल रक्त आलं असेल, गुठळ्या असतील, वय चाळिशीच्या पुढे असेल, सिगारेट आत्ता किंवा पूर्वी कधी असेल, रंग-रबराच्या कारखान्यात काम केलं असेल तर रक्त आपोआप थांबलं तरी दुर्बिणीचा विषय डॉक्टरांपाशी काढाच, कारण कॅन्सरचं रक्त असंच येतं, एक दिवस येतं आणि मग कित्येक आठवडे येतच नाही, न दुखता येतं, आणि माणूस विसरून जातो.

ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था डॉक्टरांसाठी नियम लिहिते, त्यात ४५ च्या पुढच्या माणसाला इन्फेक्शनचा उपचार करूनही दिसणारं रक्त राहिलं किंवा परत आलं तर ताबडतोब कॅन्सरच्या संशयाच्या रांगेत पाठवा असं आहे, आणि ६० च्या पुढच्यांचं इन्फेक्शन वारंवार होत असेल तरी पाठवायचा विचार करा असंही आहे. बायकांच्या बाबतीत हे जास्त मनावर घ्यायला हवं. बाईला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागलीय, पाणी पी’ म्हणून सोडून देतात, डॉक्टरही फोनवरच गोळी सांगतात, आणि त्यामुळे त्यांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. दुसरी पळवाट म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या. ‘गोळ्यांमुळेच आलं असेल’ असं म्हणून फाइल बंद करू नये, त्या गोळ्या घेणाऱ्यांचीही तपासणी इतरांसारखीच करायची असते.

पू पेशी आहेत पण जंतू नाहीत

ही सगळ्यात चकवणारी जागा. पू पेशी म्हणजे सूज आहे एवढंच, जंतू आहेत असं नव्हे. कल्चर वारंवार निगेटिव्ह आणि पू पेशी मात्र तशाच, तर यादीत टीबी येतो, खडा येतो, कॅथेटर असेल तर तो येतो, केमोतलं सायक्लोफॉस्फामाइड किंवा भुलीचं केटामीन असलं औषध येतं, ओटीपोटावर रेडिएशन झालेलं असेल तर ते येतं, आणि कार्सिनोमा इन सिटू नावाचा कॅन्सरही येतो, जो गाठ न करता मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातच सपाट पसरतो. याचीच लक्षणं इन्फेक्शनसारखी असतात, सारखं लागणं, आग होणं, धरवत नाही असं होणं. सोनोग्राफीत काही दिसत नाही कारण दिसायला गाठच नाही. १९७४ सालीच मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की इंटरस्टिशियल सिस्टायटिस (सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाची सूज, हा जंतूंशिवायचा दुखणारा प्रकार) म्हणून उपचार चाललेल्या काही पेशंटांना खरं तर हा कॅन्सर होता, पुरुषांमध्ये जास्त करून. म्हणून पुरुषाला ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे लेबल दुर्बीण आणि सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशी स्लाइडवर बघायची तपासणी) न करता लागलं असेल तर मला तरी ते पटत नाही.

इंटरस्टिशियल सिस्टायटिसची स्वतःची ओळख थोडी वेगळी असते, पिशवी भरत जाते तसं दुखणं वाढतं आणि रिकामी झाली की उतार पडतो, सहा आठवड्यांपेक्षा जास्त चालतं, जंतू नसतात. पण ही ओळख पेशंटच्या सांगण्यावर आहे, आणि हे निदान बाकीची कारणं काढून टाकल्यावर करायचं असतं, आधी नाही.

आता सॅम्पल कधी द्यायचं याची एक गंमत. टीबीसाठी सकाळची पहिली लघवी हवी असते, तीही सलग तीन किंवा जास्त दिवस, कारण जंतू थोडे थोडे पडतात आणि रात्रभर साठलेल्या लघवीत सापडायची शक्यता जास्त. कॅन्सरच्या पेशी बघायच्या सायटॉलॉजीसाठी बरोबर उलटं, सकाळची पहिली नको, कारण रात्रभर लघवीत पडून राहिलेल्या पेशी फुगून कुजून जातात आणि स्लाइडवर ओळखू येत नाहीत. त्यानंतरची ताजी द्यायची. दोन्ही तपासण्या सांगितल्या असतील तर एकच बाटली भरून दोन ठिकाणी वाटू नका. हे लॅबच्या खिडकीत कोणी सांगत नाही आणि कागदावरही बऱ्याचदा नसतं.

सायटॉलॉजीत ‘एटिपिकल’ आलं

सूज आली की अस्तराच्या पेशी चिडतात. केंद्रक मोठं होतं, मधला ठिपका ठळक दिसतो, आजूबाजूला पू पेशींचा गराडा असतो, आणि घाईत बघणाऱ्याला ती कॅन्सरची पेशी वाटू शकते. खऱ्या हाय ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक, कॅन्सरच्या पेशीत केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापून टाकतं, रंग गडद, कडा वेड्यावाकड्या. चिडलेल्या पेशीत कडा गुळगुळीत राहतात, रंग तेवढा काळा पडत नाही. वाचायला सोपं वाटतंय, पण मधल्या पेशी खूप असतात. २०१६ पासून बऱ्याच ठिकाणी पॅरिस सिस्टिम नावाच्या पद्धतीने रिपोर्ट लिहितात, त्यात निगेटिव्ह, एटिपिकल, हाय ग्रेडचा संशय, हाय ग्रेड अशा पायऱ्या आहेत. एटिपिकल म्हणजे कॅन्सर नव्हे आणि निर्धास्त राहा असंही नव्हे, ते म्हणजे ‘या पेशीकडे बघून मी ठाम बोलू शकत नाही’.

एटिपिकल आलं तर आधी आठवा की त्या वेळी इन्फेक्शन होतं का, खडा आहे का, नुकतंच कॅथेटर किंवा दुर्बीण झाली होती का. खडा आणि दुर्बीण दोन्ही पेशींचे झुबके सोडतात. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांच्या लघवीत बीके नावाच्या व्हायरसने फुगलेल्या पेशी असू शकतात, त्या इतक्या फसव्या असतात की त्यांना डिकॉय पेशीच म्हणतात. ही माहिती फॉर्मवर लिहून द्या, ‘क्लिनिकल हिस्टरी’चा रकाना कोरा आला की स्लाइड बघणारा अंधारात चाचपडतो. इन्फेक्शन असताना सायटॉलॉजी देण्यात अर्थ कमीच, ते निस्तरल्यावर द्या.

निगेटिव्ह आलं की उड्या मारू नका, लो ग्रेड कॅन्सरच्या पेशी जवळजवळ नॉर्मलसारख्या दिसतात आणि सायटॉलॉजी तिथे कमी पडते. हाय ग्रेड आणि कार्सिनोमा इन सिटू मात्र ती बरीच चांगली पकडते. एनएमपी २२ सारख्या, लघवीतली कॅन्सरची खूण शोधणाऱ्या मार्कर टेस्ट इन्फेक्शन आणि खड्यातही पॉझिटिव्ह येतात, म्हणून जळजळ चालू असताना त्या करून उगाच झोप उडवून घेऊ नये.

सोनोग्राफी, सीटी

थोडक्यात. मूत्राशय पूर्ण भरलेला असताना केलेली सोनोग्राफीच धरा, रिकाम्या पिशवीची भिंत कोणाचीही जाड दिसते. ‘भिंत जाड आहे, सिस्टायटिस असावा’ हे वाक्य निदान नाही, निरीक्षण आहे. रक्त येत असेल तर किडनी आणि नळ्या दिसाव्यात म्हणून सीटी युरोग्राफी सांगतात. एमआरआय करायचा असेल तर गाठ कापायच्या आधी केलेला चांगला, कारण कापल्यावर जी सूज येते ती आत खोल घुसलेल्या कॅन्सरसारखी दिसते, कापून झालंच असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

दुर्बीण: कोण कोणाचं सोंग घेतं

कार्सिनोमा इन सिटू दुर्बिणीत मखमली लाल चट्टा दिसतो. सुजेचा चट्टाही लालच. साध्या डोळ्यांनी फरक करणं अनुभवी युरोलॉजिस्टलाही दर वेळी जमत नाही. निळ्या उजेडाची दुर्बीण असते, त्यात आधी औषध पिशवीत सोडतात आणि कॅन्सरची जागा गुलाबी चमकते, पण सुजलेली जागाही चमकते, म्हणून इन्फेक्शन चालू असताना किंवा बीसीजीनंतर (टीबीच्या लशीतले जिवंत पण कमजोर जंतू, कॅन्सरवर उपचार म्हणून पिशवीत सोडतात) तीन महिन्यांच्या आत ती करू नये.

गाठीसारखे दिसणारे पण कॅन्सर नसलेले पाहुणे बरेच आहेत. बरेच दिवस कॅथेटर असलेल्यांना मागच्या भिंतीवर सुजेचे कोंब येतात, पॉलिपॉइड सिस्टायटिस, ते पॅपिलरी, म्हणजे कोंबांसारख्या वाढणाऱ्या, कॅन्सरसारखे दिसतात. म्हणून दुर्बीण करणाऱ्याला कॅथेटर कधीपासून आहे ते सांगणं फार गरजेचं. सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिसमध्ये अस्तराचं ग्रंथीसारख्या पेशींत रूपांतर होतं आणि कधी कधी चांगला मोठा उंचवटा होतो. इओसिनोफिलिक सिस्टायटिस क्वचितच दिसतो, पण भिंत इतकी जाड करतो की गाठच वाटते, काहींच्या रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतात, ती एक खूण. मॅलाकोप्लाकिया म्हणजे पिवळट मऊ चकत्या, ई. कोलाय जंतू मारायला गेलेल्या पेशींना तो नीट पचवता येत नाही म्हणून होतात, आणि मायक्रोस्कोपखाली त्या पेशींत गोल गोल चक्रं दिसतात ज्यांना १९०२ साली त्यांचं वर्णन करणाऱ्या मायकेलिस आणि गुटमन या दोघांचं नाव आहे. हे एकदा दिसलं की शंका उरत नाही आणि पेशंट अँटिबायोटिकवर सुटतो. नेफ्रोजेनिक अॅडिनोमा जुन्या जखमेच्या, ऑपरेशनच्या जागी येतो. इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर तर खरोखर गाठच असते, भरपूर रक्त येतं, फक्त ती मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर नसते आणि तिचा उपचारही वेगळा.

काही सुजा मात्र सोंगही घेतात आणि पुढे कॅन्सरचा धोकाही वाढवतात, इथे ‘सूज निघाली, सुटलो’ हे चालत नाही. शिस्टोसोमा हिमॅटोबियम या परजीवीची जुनाट लागण, आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत जास्त, स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) प्रकारच्या कॅन्सरकडे नेऊ शकते. वर्षानुवर्षं कॅथेटर आणि खडे असतील तरी तेच. सायक्लोफॉस्फामाइडपासून शरीरात तयार होणारं अॅक्रोलीन पिशवीला भाजून काढतं, ते टाळायला मेस्ना नावाचं औषध देतात, आणि या औषधानंतर वर्षांनी मूत्राशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढलेला असतो. रेडिएशनचंही तसंच, शिवाय रेडिएशन झालेल्या पिशवीचा तुकडा काढला की जखम लवकर भरत नाही, म्हणून तिथे डॉक्टर तुकडा घ्यायला कचरतात ते उगाच नाही.

तुकडा

शेवटी नाव ठरतं ते बायोप्सीत. पण बायोप्सीचाही रिपोर्ट वाचायला शिका, निदान दोन शब्द तरी.

पहिला शब्द ‘डिन्यूडेड’. कार्सिनोमा इन सिटूच्या पेशी एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट धरून नसतात, ओल आलेल्या भिंतीचा पोपडा हात लावला की पडावा तशा त्या गळून पडतात. मग तुकड्यात खाली सुजलेला थर दिसतो आणि वरचं अस्तर गायब. रिपोर्ट येतो ‘सूज आहे, ट्यूमर दिसला नाही, अस्तर डिन्यूडेड’. लोक मधलं वाक्य वाचून पेढे वाटायच्या बेतात असतात. अहो, जे बघायचं होतं तेच तुकड्यात नव्हतं! अशा वेळी त्याच सुमाराची सायटॉलॉजी काढून बघायची, तिच्यात हाय ग्रेड असेल तर गळालेल्या पेशी लघवीत गेल्या होत्या हे उघड आहे, आणि परत तुकडे घ्यावे लागतात.

दुसरा शब्द ‘डिट्रुसर मसल’. गाठ कापून काढली असेल तर तुकड्यात स्नायूचा थर आला का ते लिहिलेलं असतं. नसेल आला तर कॅन्सर किती खोल आहे हे कळत नाही आणि हाय ग्रेड असेल तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा कापावं लागतं. इओसिनोफिलिक सिस्टायटिसमध्येही खोल थर आलेला बरा.

पॅथॉलॉजिस्टला चिडलेलं अस्तर की कार्सिनोमा इन सिटू हे ठरवता येत नसेल तर इम्युनो (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासण्या) लावतात. सीके २० नॉर्मल आणि चिडलेल्या अस्तरात फक्त वरच्या छत्रीसारख्या पेशींत रंगतं, कार्सिनोमा इन सिटूत बहुधा पूर्ण जाडीत. सीडी ४४ चं उलट, चिडलेल्यात भरपूर आणि कॅन्सरमध्ये नाहीसं. पी ५३ ही सोबत लावतात. कुठलाही एक रंग एकट्याने निकाल देत नाही, एकत्र वाचतात. एएलके बऱ्याच मायोफायब्रोब्लास्टिक गाठींत येतं, पॅक्स ८ नेफ्रोजेनिक अॅडिनोमात. रिपोर्ट आठवडाभर लांबला तर कटकट करण्याआधी हे लक्षात घ्या, बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

बीसीजी चालू असेल तर सगळं आणखी अवघड

कॅन्सरचं निदान झालेलं आहे आणि पिशवीत बीसीजी सोडतायत, त्यांच्यासाठी हा भाग. बीसीजी काम करतं तेच सूज आणून. सहा आठवडे दर आठवड्याला एक असा पहिला टप्पा असतो, आणि त्या काळात जळजळ, सारखं लागणं, थोडं रक्त हे होणारच. नंतरच्या दुर्बिणीत लाल चट्टे दिसतात आणि ते बीसीजीची सूज की परतलेला कॅन्सर हे बघून कळत नाही. तुकड्यात टीबीसारखे ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे छोटे पुंजके) निघतात, आणि ज्या पॅथॉलॉजिस्टला बीसीजी झालंय हे कोणी सांगितलेलंच नाही तो बिचारा टीबी लिहून मोकळा होतो, मग पेशंट नऊ डॉक्टर फिरतो. म्हणून फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख लिहा. शेवटच्या डोसनंतर लगेच सायटॉलॉजी किंवा दुर्बीण न करता पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांवर ठेवतात ते यासाठीच, घाई केली तर सूजच दिसते.

पण बीसीजीनंतर ताप ३८.५ च्या वर गेला आणि एका दिवसात उतरला नाही, थंडी वाजून येतेय, खूप गळून गेल्यासारखं वाटतंय तर ते ‘होणारच’ मध्ये धरू नका, जंतू अंगात पसरलेले असू शकतात, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बीसीजी असो नसो, गुठळ्या येऊन लघवी तुंबली तरी तसंच, वाट बघायची नाही.

फाइल आणि दुसरं मत

एका कागदावर तारखेप्रमाणे चार रकाने आखा: लघवीतल्या तांबड्या पेशी, कल्चर, अँटिबायोटिक कुठलं आणि किती दिवस, त्यानंतर लघवी पुन्हा केली का. वर्षभराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा डॉक्टर वाचत नाहीत पण हा कागद वाचतात, आणि तीन कोर्सपैकी दोन वेळा कल्चर निगेटिव्हच होतं हे त्यातून एका नजरेत दिसतं. त्याखाली कॅथेटर, रेडिएशन, केमो, बीसीजी, खडे, सिगारेट, कामाचं ठिकाण.

दुसरं मत घ्यायचं तर नुसती रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जाऊ नका. लॅबकडे तुमच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड्स ठेवलेल्या असतात, अर्ज केला की मिळतात, आणि ज्या पॅथॉलॉजिस्टच्या हाताखालून मूत्राशयाचे तुकडे रोज जातात त्याच्याकडून त्या परत वाचून घ्यायच्या. मूत्राशय काढायचं ऑपरेशन सांगितलं असेल आणि रिपोर्टमध्ये ‘फेवर्स’ किंवा ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असले ठाम नसलेले शब्द असतील तर हे केल्याशिवाय तारीख घेऊ नका. ब्लॉक सांभाळून न्या, उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.